तीन तज्ज्ञांची व्याख्यानं, तीन वेगळे आकडे : अक्रोपोराची टोकं पांढरी पडताहेत, कुणाचं ऐकू?

समुद्रफूल

नमस्कार मंडळी. माझी रीफ टाकी (जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) न्यू जर्सीत आहे. दगड-वाळू वगळता नक्त पाणी ३२० लिटर, वय १४ महिने. प्रवाळांत फांद्या फुटणाऱ्या अक्रोपोराचे सहा फ्रॅग (मोठ्या प्रवाळाचे कापलेले तुकडे), दोन माँटिपोरा, एक हॅमर, थोडे झोअँथिड. गेले दोन महिने प्रवाळांवरची व्याख्यानं ओळीने ऐकतेय आणि आता डोकं गरगरतंय. एक वक्ते म्हणतात, पाणी समुद्रासारखं ठेवा, नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्य. दुसरे म्हणतात, फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) खाली जाऊच देऊ नका. तिसऱ्यांचा भर अल्कलिनिटी (सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचा साठा, माप डीकेएच) ११ ठेवून वाढ जलद करण्यावर. तिघांच्याही टाक्या डोळ्यांचं पारणं फेडणाऱ्या!

माझे आकडे : क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५.५, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३५०. अल्कलिनिटी रविवारी ११ डीकेएच, पुढच्या शनिवारपर्यंत ९. रविवारी ४८ लिटर पाणी बदलते आणि मग खायचा सोडा घालून पुन्हा ११ वर आणते. नायट्रेट ०. हॅनाच्या अल्ट्रा लो फॉस्फरस चेकरवर ३ पीपीबी. सम्पमध्ये (टाकीखालच्या गाळणटाकीत) लोहयुक्त फॉस्फेटशोषक सतत चालू, शिवाय जिवाणूंनी वाढून नायट्रेट-फॉस्फेट खावं म्हणून पाण्यात रोज थोडी व्होडका. एलईडी ८५ टक्क्यांवर, १० तास.

चार अक्रोपोरांची टोकं पांढरी पडलीत, एकाचा बुडखाही पांढरा होतोय. हॅमर ठीक आहे. हे ब्लीचिंग आहे का? आणि या तिघांपैकी खरं कुणाचं?

जाता जाता : दिवाळीत पुण्याला जाणार आहे. भावाच्या टाकीसाठी दोन फ्रॅग नेले तर चालतील का?

---

क्षारमापक

तिघांचंही खरं आहे. चूक एवढीच झाली की तुम्ही पहिल्यांचं पोषण (नायट्रेट-फॉस्फेट) घेतलंत आणि तिसऱ्यांची अल्कलिनिटी. ही दोन्ही एका टाकीत नांदत नाहीत.

अल्कलिनिटी चढी असली की सांगाडा भराभर पुढे सरकतो. त्यावर मांस चढवायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. तो पाण्यात नाही, म्हणून वाढत्या टोकाशी सांगाडा उघडा पडतो. टोकं जळणं म्हणतात ते हेच. खऱ्या समुद्रात अल्कलिनिटी ६.५ ते ७ च्या आसपास असते. म्हणजे ज्यांना समुद्रासारखं शून्याजवळचं पोषण हवं त्यांनी अल्कलिनिटीही समुद्रासारखीच, ७ ते ८, ठेवायला हवी. ११ चालवायची तर नायट्रेट निदान ५ ते १० हवं आणि फॉस्फेटही त्याच्या जोडीला.

त्यात दर रविवारी एका दमात २ डीकेएचची उडी. माझ्या मते ११ या आकड्यापेक्षा ही उडी जास्त घातक. पाणीबदलाच्या मिठाची अल्कलिनिटी किती, हेही तपासा. काही मिठं ११-१२ देतात. टाकी ८ वर असताना १२ चं पाणी १५ टक्के घातलं, तर तासाभरात ०.६ वाढते, तीही सोडा न घालता.

करायचं असं :

सोडा आजपासून बंद. तुमची खपत आठवड्याला २, म्हणजे दिवसाला ०.३ च्या आसपास. ११ वरून ८ वर यायला दहा दिवस लागतील आणि हा वेग चांगला आहे. आम्ल घालून घाईने उतरवू नका. या काळात पाणी बदलायचं झालं तर ७ ते ८.५ देणाऱ्या मिठाने.

८ ला पोचल्यावर रोजचा डोस. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, तेव्हा ३२० लिटरला ९.६ ग्रॅम. ०.३ साठी साधारण २.९ ग्रॅम. एक लिटर आरओडीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात ८० ग्रॅम सोडा विरघळवा (याहून फार जास्त विरघळत नाही, तळाशी बसतो). त्यातलं रोज ३६ मिली, सहा हप्त्यांत ६-६ मिली. दुसऱ्या बाटलीत एक लिटर पाण्यात ७० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. तेही रोज तेवढंच मिली, कारण सांगाडा बनताना १ डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम खर्च होतं आणि ही दोन प्रमाणं बरोबर त्या हिशोबाची आहेत. दोन्ही एकाच जागी, एकामागोमाग ओतू नका. पांढरा साका पडतो आणि पंपावर चढून बसतो. निदान पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा आणि प्रवाह जोरात असेल तिथे ओता.

अल्कलिनिटी रोज एकाच वेळी मोजा. हॅनाच्या अल्कलिनिटी चेकरची अचूकता ±०.३ आणि वर वाचनाच्या ५ टक्के आहे. ८.० आणि ८.४ मधला फरक खरा असेलच असं नाही. चार दिवसांचा कल बघा आणि मगच डोस हलवा.

---

पॉलिप

क्षारमापकांशी सहमत, फक्त क्रम बदला. बुडखा पांढरा होतोय हे मला जास्त खटकतंय. टोकांचं कारण आणि बुडख्याचं कारण एकच असेल असं गृहीत धरू नका.

आधी ब्लीचिंगचं. तो शब्द इथे लावू नका. ब्लीचिंगमध्ये मांस जिवंत असतं, आतली शैवालं तेवढी निघून जातात. भिंगाने बघितलं तर काचेसारखं पारदर्शक कातडं आणि पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) दिसतात. असा प्रवाळ परत रंगावर येऊ शकतो. मांस गेलेला भाग खडूसारखा कोरडा, खळग्यांच्या कडा धारदार, आणि दोन-चार दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी थर धरतो. तो भाग परत जिवंत होत नाही, फार तर शेजारचं मांस त्यावर चढतं.

आता पांढरं कुठून सुरू झालं ते बघा. फक्त वाढतं टोक असेल तर अल्कलिनिटी आणि पोषण. वरची, दिव्याकडची बाजू फिकी असेल तर उजेड. बुडख्यापासून हळूहळू वर सरकत असेल तर सावली, तुंबलेला प्रवाह, अल्कलिनिटीचे हेलकावे किंवा किडा. फांदीच्या खालच्या अंगाला गोल गोल फिके ठिपके असतील तर अक्रोपोरा खाणारा चपटा कृमी, बहुतेक नक्कीच.

तपासणी सोपी आहे. पंप बंद करा आणि बेस्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) फांद्यांवर जोरात पाणी मारा. कृमी जवळजवळ पारदर्शक असतो, मांसावर बसलेला दिसत नाही, सुटून वाहायला लागला की दिसतो. मग फ्रॅग बाहेर काढून बुडख्याचा मेलेला भाग भिंगाखाली धरा. सोनेरी-तपकिरी, खसखशीसारख्या अंड्यांचे पुंजके असतील तर निदान झालं. अंडी नेहमी उघड्या सांगाड्यावर असतात, जिवंत मांसावर नाही.

सापडली तर सगळे अक्रोपोरा, एकही न वगळता, डिप करा, म्हणजे टाकीच्याच पाण्यात औषध मिसळून त्यात बुडवा. औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण, वेळ १० मिनिटं, मधून मधून बेस्टरने धुवायचं, मग स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्यांतून काढून परत. डिपचं पाणी टाकीत जाता कामा नये. कोणत्याही डिपने अंडी मरत नाहीत आणि बहुतेक लोक इथेच फसतात. एक डिप केला, किडे पडलेले पाहिले, समाधान झालं, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. जुना प्लग (फ्रॅग चिकटवायची चकती) फेकून द्या, मेलेला बुडखा बोनकटरने उडवा, आणि दर आठवड्याला डिप असं पाच-सहा आठवडे चालू ठेवा. अंडी गरम पाण्यात लवकर फुटतात, थंडात उशिरा. म्हणून शेवटच्या किड्यानंतरही दोन फेऱ्या जास्त.

किडा नसेल आणि पांढरी रेघ रोज सरकत असेल तर वाट बघू नका. रेघेच्या एक ते दोन सेंटीमीटर वर, पूर्ण निरोगी मांसातून कापा, कापलेल्या तोंडाला सायनोअॅक्रिलेट जेल लावा आणि नव्या प्लगवर बसवा. एका रात्रीत अर्धा फ्रॅग सोलला जात असेल तर उरलेला कापूनही बऱ्याचदा वाचत नाही, पण कापला नाही तर नक्कीच जातो.

उजेड : ८५ टक्के हा आकडा आम्हाला काहीच सांगत नाही. पार (प्रवाळाला उपयोगी पडणारा उजेड) मोजा. एलईडीसाठी अपोजीचा एमक्यू-५१० मीटर पाण्याखाली थेट बरोबर वाचतो. विकत घ्यायची गरज नाही, बऱ्याच क्लबांत भाड्याने मिळतो. अक्रोपोराला २०० ते ३५०, हॅमरला ७५ ते १५० पुरे. मीटर मिळेपर्यंत दिवा ६५ वर आणा आणि नंतर आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढवा. उपाशी प्रवाळावर कडक दिवा हा सगळ्यात वाईट जोड आहे.

---

क्षारमापक

पोषणाचं राहिलंच. आधी तुमच्या ३ पीपीबीचा अर्थ : तो चेकर फॉस्फरस मोजतो, फॉस्फेट नाही. ३.०६६ ने गुणा, १००० ने भागा. आले ०.००९ पीपीएम. पण चेकरची चूकच ±५ पीपीबी आहे, म्हणून खरा आकडा ० ते ०.०२५ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे 'मोजता येत नाही' असंच समजायचं.

फॉस्फेटशोषक आजच काढा. व्होडका एकदम तोडू नका, दर चार दिवसांनी पाव-पाव कमी करा. मग मासे जरा जास्त खाऊ द्या. आठवडाभरात आकडे हलले नाहीत तरच बाटलीतून घाला.

फक्त नायट्रेट घालायची चूक करू नका. साउदम्प्टन विद्यापीठात यर्ग वीडनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की नायट्रेट मुबलक आणि फॉस्फेट अपुरं असलं की प्रवाळ उष्णता आणि उजेडाने ब्लीच व्हायला जास्त बळी पडतो. शैवालं नायट्रोजनवर वाढतात आणि फॉस्फरसला उपाशी राहतात. दोन्ही शून्य असलेल्या टाकीत आधी फॉस्फेट वर आणायचं.

फॉस्फेट : खाद्यदर्जाचं ट्रायसोडियम फॉस्फेट डोडेकाहायड्रेट, १.२८ ग्रॅम एक लिटर आरओडीआय पाण्यात. ३२० लिटरला यातलं १० मिली म्हणजे ०.०१ पीपीएम. दिवसाला तेवढंच. दगड आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे पहिले कित्येक दिवस चेकर ढिम्म हलणार नाही. वैतागून दहापट घालू नका, दगड भरला की आकडा अचानक उसळतो. लक्ष्य ०.०५ ते ०.१.

नायट्रेट : सोडियम नायट्रेट ४४ ग्रॅम एक लिटरमध्ये. १० मिली म्हणजे १ पीपीएम. एक दिवसाआड १० मिली, लक्ष्य ५ पीपीएम. एक बारकावा : प्रवाळ आणि शैवालं नायट्रेट वापरतात तेव्हा अल्कलिनिटी परत येते. १० पीपीएम वापरलं गेलं की साधारण ०.४५ डीकेएच. म्हणून खपत कमी झाल्यासारखी दिसेल, घाबरू नका.

हे सगळं न करता शून्यावरच राहिलात तर पुढचा पाहुणा डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव). वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेली लाळ. ती आली की दोन-तीन महिने गेले समजा.

---

पॉलिप

डायनोंवरून एक पुरवणी : आलेच तर आधी सूक्ष्मदर्शक, मग उपाय. त्यांच्यातला ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, त्याच्यावर यूव्ही दिवा चालतो. मोठ्या पेशीचा अँफिडिनियम वाळू सोडत नाही, यूव्हीचे पैसे पाण्यात. तिथे सिलिकेट घालून डायटम वाढवून त्याला हुसकावतात.

आता मूळ प्रश्न, व्याख्यानांचा. ऐकणं सोडू नका, पण वहीत रकाने आखा : टाकीचं पाणी, वय, दिवा आणि पार, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट, मासे किती, दिवसातून खाणं किती वेळा. वक्त्याने यातला एकच रकाना सांगितला आणि बाकीचे रिकामे राहिले, तर तो आकडा उचलायचा नाही. बहुतेकदा बाकीचे रकाने शेवटच्या प्रश्नोत्तरांत भरतात, म्हणून तो भाग गाळू नका. वक्ता काही विकतो का, हेही एका कोपऱ्यात लिहा. विकतो म्हणून खोटं बोलतो असं नाही, पण कशाबद्दल गप्प बसतो ते कळतं.

कुणाचं कशासाठी ऐकायचं, तेही ठरवा. रसायनासाठी रँडी होम्स-फार्ली : ते व्यवसायाने रसायनतज्ज्ञ आहेत आणि प्रत्येक आकड्यामागचं गणित उघडं ठेवतात. दिव्यांसाठी संजय जोशी आणि डेना रिडल. रिडल यांच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रवाळाला एक मर्यादा असते, तिच्यावर उजेड वाढवला की प्रकाशसंश्लेषण वाढत नाही, उलट दबतं. रिचर्ड रॉस यांच्या टाकीत फॉस्फेट १ पीपीएमच्या वर असूनही अक्रोपोरा वाढत होते. ते ऐकून लोक १ चं लक्ष्य ठेवतात. त्यातून घ्यायचं एवढंच की चढ्या फॉस्फेटने प्रवाळ मरतोच असं नाही, घाबरून एका दिवसात ते शून्यावर आणू नका.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाचे जेमी क्रॅग्ज यांचं काम जरूर ऐका. २०१७ च्या शोधनिबंधात त्यांनी बंदिस्त टाकीत चार जातींच्या अक्रोपोरांकडून ठरवून अंडी सोडवून घेतल्याचं मांडलं. त्यासाठी वर्षभराच्या तापमानाचा चढउतार, दिवसाची लांबी, चंद्राचा उजेड, सगळं मूळ रीफसारखं चालवलं होतं. पण म्हणून घरच्या टाकीत तापमान ऋतुमानाप्रमाणे हलवायला जाऊ नका. तिथे प्रत्येक गोष्टीवर नियंत्रक आणि पहारा आहे.

रीफवरच्या संशोधकांचे आकडे टाकीला सरळ लावायचे नाहीत. नोआची (अमेरिकेची सागर-हवामान संस्था) मोजणी नेहमीच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा १ अंश वर गेल्यापासून सुरू होते. किती अंश आणि किती आठवडे यांचा गुणाकार ४ झाला की लक्षणीय ब्लीचिंग, ८ ला मोठ्या प्रमाणावर मर. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या जागतिक ब्लीचिंग घटनेचा आवाकाही अशाच मोजणीने सांगितला जातो. टाकीत आठवडे मिळत नाहीत. हीटरचा रिले चिकटला तर रात्रीत ३२ अंश होतं. एका मोठ्या हीटरऐवजी निम्म्या वॉटचे दोन लावा, दोन्ही स्वतंत्र कंट्रोलरवर आणि कंट्रोलर २६.५ ला तोडणारा.

---

दर्यावर्दी

पुण्याला फ्रॅग न्यायच्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही. उत्तर : नाही, अजिबात नेऊ नका.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ आहेत. त्याशिवाय काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन. वाघाला जे संरक्षण तेच. अक्रोपोरा, माँटिपोरा, हॅमर तिन्ही त्यात येतात. 'टाकीत वाढवलेला फ्रॅग आहे, समुद्रातला नाही' हा युक्तिवाद विमानतळावर चालत नाही. शिवाय कठीण प्रवाळ साइट्सच्या (वन्यजीव-व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे अमेरिकेतून निघतानाच निर्यात परवाना लागतो.

मेलेला सांगाडाही नको. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांनाही हेच लागू. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, तिथून काहीही उचलणं वेगळा गुन्हा. भावाच्या टाकीत 'लाइव्ह रॉक' म्हणून प्रवाळाचेच दगड नाहीत ना, ते आधी बघायला सांगा. सिरॅमिक किंवा कारखान्यात बनवलेला दगड वापरावा, जिवाणू त्यावरही बसतात, फक्त टाकी पिकायला वेळ जास्त लागतो. क्लाऊनफिश ठेवता येतात. समुद्रघोडा नाही, तोही याच कायद्याने संरक्षित आहे.

भावाला प्रवाळ बघायचेच असतील तर ओहोटीचं वेळापत्रक बघून मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर जावं. पायाखाली बघून चालावं, हात लावू नये.

---

समुद्रफूल

सगळ्यांचे आभार. फ्रॅगचा विचार रद्द. भावाला कळवलं, त्याचे दगड सिरॅमिकचेच निघाले.

आज तपासलं : बेस्टर मारल्यावर काही सुटलं नाही, अंडी नाहीत, ठिपके नाहीत. ज्याचा बुडखा पांढरा होतोय तो दगडाच्या मागे आहे, तिथे प्रवाह जवळजवळ नाही, प्लगभोवती गाळ साठलाय. मिठाची नवी बादली कालवून मोजली : १२.१ डीकेएच. फॉस्फेटशोषक काढला, दिवा ६५ वर. दोन शंका उरल्यात. पांढरी टोकं कापून टाकू का? आणि ही मिठाची बादली फेकून द्यायची का?

---

क्षारमापक

टोकं कापू नका. फांदीच्या टोकाच्या मुख्य पॉलिपपासून वाढ होते. तो जिवंत असेल तर आकडे स्थिरावल्यावर महिनाभरात मांस परत चढतं. टोकावर शैवाल धरलं असेल तर ते टोक गेलं, तरी कापायची घाई नाही, बाजूचा पॉलिप पुढे सरतो.

गाळातला फ्रॅग आजच हलवा, पण एकदम वर दिव्याखाली नको. आत्ता आहे त्याच उंचीवर, प्रवाह आलटूनपालटून लागेल अशा जागी. पंपाचा झोत सरळ अंगावर घेतला तर मांस सोलतं.

बादली फेकायची गरज नाही. टाकी ८ वर स्थिर झाली की एकदम ४८ ऐवजी रोज ६ ते ७ लिटर बदला. १२.१ चं ७ लिटर म्हणजे वाढ ०.०९ डीकेएच, प्रवाळाला कळतसुद्धा नाही. तेवढा सोडा रोजच्या डोसातून वजा करा, म्हणजे ३६ ऐवजी २५ मिली. कॅल्शियमची बाटली मात्र ३६ वरच राहू द्या आणि दर आठवड्याला कॅल्शियम मोजा. ४५० च्या वर जायला लागलं तर तीही कमी करायची.